मोपा-दाबोळीचं विमान लेट: त्यात एटीसीचा वाटा किती, आणि नवी यंत्रणा आली तर किती सुटेल

‘एटीसीमुळे उशीर आहे’ हे काउंटरवरचं सगळ्यात सोयीचं उत्तर. एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, विमानांना वाट आणि परवानगी देणारी यंत्रणा. ते ऐकलं की प्रवासी गप्प बसतो, कारण पुढं काय विचारायचं हेच सुचत नाही. शिवाय डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांप्रमाणे एटीसीमुळे झालेल्या खोळंब्याला कंपनीनं नुकसानभरपाई देणं लागत नाही, तेव्हा हे उत्तर स्वस्तही पडतं. मग नवं रडार, नवं सॉफ्टवेअर, उपग्रहावरून चालणारं नेव्हिगेशन आलं की विमानं वेळेवर सुटतील का? हो किंवा नाही म्हणण्याआधी आपल्या विमानाचा उशीर फोडून बघायला शिकावं. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे.

उशीर फोडायचा कसा

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे आकाशात झेपावण्याची वेळ नव्हे. विमान पार्किंगच्या जागेवरून हलतं, ती वेळ. तिच्यापासून १५ मिनिटांच्या आत हललं तर सरकारी हिशोबात विमान ‘वेळेवर’. म्हणजे १४ मिनिटं उशिरा निघालेलं विमान आकडेवारीत कुठं दिसतच नाही. उतरण्याच्या वेळेतही गंमत असते. मुंबई-गोवा हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, हवेतला प्रवास पाऊण तासाचा, पण वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास लिहिलेला असतो. मधला अर्धा तास टॅक्सीचा, म्हणजे जमिनीवर धावपट्टीपर्यंत चालत जाण्या-येण्याचा, आणि हवेतल्या घिरट्यांचा. कंपनीनं तो आधीच पोटात घेतलेला असतो.

आता फ्लाइट ट्रॅकिंगच्या कुठल्याही ॲपवर आपला फ्लाइट नंबर टाका आणि त्याला कुठलं विमान लावलंय ते बघा. भारतीय विमानाचा नोंदणी क्रमांक ‘व्हीटी’नं सुरू होतो. त्या क्रमांकावर टिचकी मारली की तेच विमान आज सकाळपासून कुठं कुठं फिरलं, कुठं किती मिनिटं मागं पडलं, सगळं समोर येतं. त्याच्या मोप्याला किंवा दाबोळीला उतरण्याच्या वेळेत पार्किंगपर्यंत येण्याची पाचसात मिनिटं मिळवा. मग टर्नअराउंड मिळवा, म्हणजे माणसं उतरवणं, सफाई, इंधन, सामान, पुन्हा माणसं चढवणं. ए३२० सारख्या विमानाला ३० ते ४० मिनिटं, एटीआरला २५ च्या आसपास. आलेली बेरीज म्हणजे तुमचं विमान लवकरात लवकर हलू शकेल ती वेळ. काउंटरवरचा फलक याच्या आधीची वेळ दाखवत असेल तर फलकावर विसंबू नका.

एक उदाहरण घेऊ. समजा मोप्याहून मुंबईचं विमान १८:२० ला सुटायचंय. ते दिल्लीहून १७:४० ला पार्किंगवर यायला हवं होतं, आलं १८:२८ ला. दारं बंद झाली १९:०८ ला, विमान हललं १९:२७ ला. एकूण उशीर ६७ मिनिटं. त्यातली ४८ मागच्या फेरीची. टर्नअराउंड ठरलेल्या ४० मिनिटांतच झालं, तिथं काही वाया गेलं नाही. उरलेली १९ मिनिटं दारं बंद करून इंजिन सुरू करण्याच्या परवानगीची वाट बघण्यात गेली. आता त्या ४८ मध्ये शिरा. दिल्लीहून ते विमान ३५ मिनिटं उशिरा हललं, कारण क्रू दुसऱ्या विमानातून यायचा होता. बाकीची १३ धावपट्टीकडच्या रांगेत गेली. म्हणजे ६७ पैकी एटीसीच्या खात्यावर ३२. काउंटरवर मात्र सगळ्या ६७ ला एकच नाव मिळालं असतं.

कंपनीच्या दप्तरी हे नीट लिहिलेलं असतं. उशिराच्या कारणांना आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, आकडी कोड आहेत. विमान सुटल्याचा जो संदेश जातो त्यात दोन कोड आणि प्रत्येकाची मिनिटं देता येतात. ९३ म्हणजे मागच्या फेरीतून विमानच उशिरा आलं. ९४ आणि ९५ म्हणजे विमान आहे, पण क्रू दुसऱ्या फेरीत अडकलाय. ४१ विमानातला बिघाड, ३६ इंधन भरणं. ७१ सुटण्याच्या ठिकाणचं हवामान, ७२ उतरण्याच्या ठिकाणचं. एटीसीचे म्हणावेत असे कोड ८१ ते ८४ आणि ८९. ८१ म्हणजे वाटेतल्या आकाशात गर्दी, ८२ म्हणजे नियंत्रकांची किंवा उपकरणांची कमतरता, ८३ म्हणजे उतरण्याच्या विमानतळाची क्षमता अपुरी, ८४ तिथलं हवामान, आणि ८९ म्हणजे सुटतानाच इंजिन सुरू करायला किंवा पुशबॅकला (विमान जागेवरून मागं ढकलायला) परवानगी नाही. काउंटरवर ‘उशीर का?’ असं न विचारता ‘कोड कुठला लावलाय?’ असं विचारा. प्रत्येक वेळी सांगतीलच असं नाही, पण समोरचा माणूस जरा सावरून बोलतो.

डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढते. त्यात उशिराच्या कारणांमध्ये सगळ्यात मोठा तुकडा कायम ‘रिॲक्शनरी’चा असतो, म्हणजे आधीच्या उशिराचा पुढं सरकलेला उशीर. एटीसीचा तुकडा त्यापेक्षा कितीतरी लहान. मात्र तेवढ्यावरून एटीसीला निर्दोष ठरवू नये. सकाळी सातला मुंबईत रांगेत गेलेली वीस मिनिटं दुपारी गोव्यात ‘रिॲक्शनरी’ या नावानं नोंदली जातात. तेच विमान दिवसात पाचसहा फेऱ्या मारतं आणि मधे श्वास घ्यायला जागा नसते.

धावपट्टीचा हिशोब

एटीसी आधुनिक करून किती फरक पडेल हे कळायचं तर हा एक गुणाकार-भागाकार हाताशी हवा. उतरताना शेवटच्या टप्प्यात ए३२० चा वेग साधारण १४० नॉट, म्हणजे तासाला १४० सागरी मैल. लागोपाठच्या दोन विमानांत ३ मैल अंतर ठेवलं तर मागचं ७७ सेकंदांनी येतं. ३६०० भागिले ७७, तासाला ४६ विमानं उतरली. अंतर ५ मैल ठेवावं लागलं, कारण रडार तितकं बारीक नाही किंवा पुढचं विमान जड आहे आणि त्याच्या मागची हवा घुसळलेली आहे, तर १२९ सेकंद. तासाला २८. नव्या देखरेख यंत्रणेचा खरा फायदा या ५ आणि ३ मधल्या फरकात आहे. विमानतळाजवळच्या रडारची काठी चारपाच सेकंदांतून एकदा फिरते; एडीएस-बी लावलेलं विमान स्वतःची जागा सेकंदाला एकदा-दोनदा सांगतं. नियंत्रकाला चित्र जितकं ताजं, तितकं अंतर कमी करण्याची हिंमत.

पण त्याच धावपट्टीवरून विमानं उडायचीही असतात. उतरणाऱ्या दोघांत एक उडवायचं तर मधे सहा मैलांची फट लागते. १५४ सेकंद. तासाला २३ उतरली, २३ उडाली, मिळून ४६. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या तासांचा तिथला जुना आकडा नेमका ४६ च होता. या छताच्या वर सॉफ्टवेअर जात नाही. रायबंदर-चोडणच्या धक्क्यावर गाड्यांची रांग कितीही शिस्तीत लावली तरी फेरीबोट एका खेपेला तेवढ्याच गाड्या नेणार, तसंच हे.

पावसाळ्यातला वारा या हिशोबात कुणी धरत नाही, तो धरा. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा मुंबईच्या आणि गोव्याच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांवर थेट समोरून येतो. सुरक्षेला उत्तम, पण समोरून २० नॉटचा वारा म्हणजे जमिनीच्या हिशोबात विमानाचा वेग १२०. तेच ३ मैल कापायला आता ९० सेकंद लागतात आणि ४६ उतरणींच्या ४० होतात. काहीही बिघडलेलं नसताना तासाला सहा विमानं मागं राहिली. यावरचा उपाय खराखुरा आधुनिक आहे: अंतर मैलांत न मोजता सेकंदांत मोजायचं. लंडनच्या हीथ्रोवर २०१५ पासून हे चालू आहे. जिथं धावपट्टी काठोकाठ भरलेली आहे तिथं असा बदल सरळ मिनिटं वाचवतो.

गोव्यात तासाला चाळीसचा आकडा कुठंच नाही. म्हणून मोप्याला किंवा दाबोळीला असली यंत्रणा बसवून गोंयकाराचा वेळ फारसा वाचणार नाही. त्याचा वेळ मुंबई-दिल्लीला अडतो, आणि सुधारणेचा फायदाही तिथं झाला तरच इथं पोचेल.

कुठली सुधारणा कुठली मिनिटं वाचवते

वरच्या उदाहरणातली १९ मिनिटं सीटीओटीची. दिल्लीत विमानतळ प्राधिकरणाचं प्रवाह-व्यवस्थापनाचं केंद्र आहे. मुंबईला अमुक तासात जितकी विमानं घेता येतील त्यापेक्षा जास्त येणार असतील, तर हे केंद्र निघण्याच्या ठिकाणीच विमानाला थांबवतं आणि झेपावण्याची ठरावीक वेळ देतं; तीच सीटीओटी. युरोपात या वेळेच्या ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर इतकी मुभा असते. तत्त्व सगळीकडे तेच. पूर्वी हेच विमान मुंबईवर घिरट्या घालत बसलं असतं. आता ते मोप्याला उभं राहतं. इंधन वाचलं, नियंत्रकाचा ताण वाचला. प्रवाशाची १९ मिनिटं मात्र जिथल्या तिथं राहिली. हे आधुनिकीकरणाचं यशच आहे, फक्त ते उशिराच्या आकड्यात दिसत नाही, आणि जाहिरातीत तसं दाखवूही नये.

घिरट्यांची किंमत किती? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानंच ती सांगितली: मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं फिरत होती, आणि ४० मिनिटांना १.७ किलोलिटर, तर ६० मिनिटांना २.५ किलोलिटर इंधन जळत होतं, म्हणजे विमानामागे १.८ ते २.६ लाख रुपये. त्यावर काढलेला उपाय बघण्यासारखा आहे. नवं उपकरण नाही आणलं. गर्दीच्या तासांतली संख्या ४६ वरून ४४ आणि एरवीची ४४ वरून ४२ केली. छतापर्यंत भरलेल्या धावपट्टीवर एक विमान चुकलं की रांग दिवसभर सुटत नाही. दोन जागा रिकाम्या ठेवल्या की चूक मुरते.

दिल्लीतली १३ मिनिटं ए-सीडीएमची, म्हणजे विमानतळावरच्या सगळ्यांनी मिळून वेळा ठरवण्याच्या पद्धतीची. त्यात कंपनी ‘आम्ही अमुक वेळेला तयार’ हे आधी कळवते, ग्राउंड हँडलिंगवाले, विमानतळ आणि टॉवर एकच चित्र बघतात, आणि पुशबॅकची वेळ अशी दिली जाते की विमान धावपट्टीशी जाऊन उभं राहू नये. इंजिनं बंद ठेवून थांबायला मिळतं. इथंही बराचसा उशीर जागा बदलतो. खरी बचत होते ती तयार नसलेल्या विमानाला दिलेली जागा तयार विमानाला मिळते तेव्हा. पण कंपनी तयार नसताना ‘तयार’ कळवू लागली तर सगळं गणित फसतं. यंत्रणेचं यश त्या एका आकड्याच्या खरेपणावर उभं आहे.

वाटेतला वेळ सरळ मार्गांनी वाचतो. आपल्या आकाशातला मोठा भाग संरक्षण दलांसाठी राखीव. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं होतं की मोकळेपणानं वापरता येणारं आकाश ६० टक्केच आहे, आणि ते खुलं केलं तर वर्षाला हजार कोटी रुपये वाचतील. इथं गरज कागदाची आणि फोनची जास्त: सराव नसेल तेव्हा तो पट्टा नागरी विमानांना ताबडतोब मिळाला पाहिजे. आणि ‘गगन’? इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही उपग्रह-यंत्रणा आयएलएस (विमानाला धावपट्टीवर उतरायची वाट दाखवणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा) नसलेल्या छोट्या विमानतळांना वरदान आहे. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एटीआर विमान तिच्या आधारानं उतरवलं गेलं. आयएलएस असलेल्या धावपट्टीवर तिचा उपयोग पर्यायी सोय इतकाच.

गोव्याचं वेगळेपण

दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. धावपट्टी नौदलाची, टॉवरही नौदलाचा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साधारण साडेआठ ते दुपारी एकच्या दरम्यान सरावासाठी नागरी उड्डाणांवर बंधनं असतात. यावर कुठलंही रडार उत्तर देऊ शकत नाही. उत्तर होतं दुसरी धावपट्टी, आणि ती ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याला चालू आहे. तिथलं नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडे. दोन विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम ३९ किलोमीटर, आणि नियंत्रण दोन वेगळ्या संस्थांकडे. उत्तरेकडून दाबोळीला येणारं विमान मोप्याच्या बाजूनंच खाली सरकतं. एका नियंत्रकाच्या पडद्यावरून दुसऱ्याच्या पडद्यावर विमान आपोआप सोपवलं जाणं आणि फोन करून सोपवणं यात गोव्यापुरती खरी सुधारणा आहे. तिची बातमी होत नाही.

मुंबईचंही तसंच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली. नवी धावपट्टी म्हणजे नवी क्षमता, वाद नाही. पण आकाश दोघांत वाटलेलं आहे, आणि ते नीट वाटायला मात्र आधुनिक यंत्रणाच लागते.

काही उशीर कुठल्याच यंत्रणेच्या आवाक्यात नाहीत. जून २०१९ मध्ये दाबोळीला लढाऊ विमानाची इंधनटाकी धावपट्टीवर पडून विमानतळ काही काळ बंद राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथंच धावपट्टीवर कुत्रा दिसला म्हणून बंगळूरुहून आलेलं विमान न उतरता परत गेलं. मे २०२४ मध्ये मोप्याला वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे गेले आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागली.

नवी यंत्रणा बसवताना काय बिघडतं

सुरुवातीचे काही आठवडे क्षमता मुद्दाम कमी ठेवावी लागते. नियंत्रकाचा हात बसेपर्यंत विमानांत जास्त अंतर. उशीर आधी वाढतो, मग उतरतो. बदल मोसमात केला तर बोंब होते. गोव्यासाठी डिसेंबर सोडून कुठलाही महिना चालेल.

पर्यायी यंत्रणा म्हणून तेच सॉफ्टवेअर ठेवणं ही दुसरी चूक. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनमध्ये एका फ्लाइट प्लॅनमध्ये एकाच नावाचे दोन वेगळे बिंदू आले, एक फ्रान्समधला, एक अमेरिकेतला. मुख्य यंत्रणा गोंधळून बंद पडली, राखीव यंत्रणेनं तोच प्लॅन वाचला आणि तीही बंद पडली. सात लाखांहून जास्त प्रवासी अडकले. दिल्लीत नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी एएमएसएस यंत्रणा बंद पडली. रडार ठीक, धावपट्ट्या ठीक, पण नियंत्रकांना प्लॅन हातानं भरावे लागले आणि आठशेहून जास्त विमानांना उशीर झाला. अमेरिकेत न्यूआर्कच्या नियंत्रकांचे पडदे २८ एप्रिल २०२५ ला सुमारे ९० सेकंद काळे झाले, पण विमानतळाचा खोळंबा कित्येक दिवस चालला. तिथं नेक्स्टजेन नावाचा आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००३ च्या कायद्यानं सुरू झालेला, तरी २०२५ मध्ये पुन्हा साडेबारा अब्ज डॉलर मंजूर करायची वेळ आली. तेव्हा कुणी दोन वर्षांत उशीर निम्मा करतो म्हणालं तर दिवसाला किती नियंत्रक कामावर असतात हे आधी विचारावं.

तोवर तिकीट काढताना

दिवसातलं पहिलं विमान घ्या. ते रात्री तिथंच मुक्कामाला असेल तर मागच्या फेरीचा उशीर शून्यातून सुरू होतो. दाबोळीहून निघताना नौदलाच्या सरावाच्या वेळेला चिकटलेलं विमान टाळा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, हे तिकिटावर दोनदा वाचा. मडगावहून मोप्याला जायचं तर जुवारी आणि मांडवी दोन्ही ओलांडायच्या असतात. मुंबईहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मधे तीन तास ठेवा, पावसाळ्यात चार, आणि ते सांताक्रूझ-सहारहून आहे की नवी मुंबईहून, तेही बघा. गेट बहुतेक कंपन्या २५ मिनिटं आधी बंद करतात. तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबल्यानं सीटीओटी हुकली तर पुढची अर्ध्या-पाऊण तासानं मिळू शकते, म्हणून तिथं कुणी ऐकत नाही.

उशीर झालाच तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं मागा; अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तासांची. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलची सोय. नाही म्हणाले तर बोर्डिंग पास, फलकाचा फोटो आणि ॲपवरच्या विमानाच्या फेऱ्यांचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. तक्रारीत ‘एटीसीमुळे’ असं स्वतःहून लिहू नका. मिनिटं लिहा आणि कोड विचारा.